मिठागरातली काचेची घंटी

‘तागडी’चा नियम एकच होता आणि तो शिवपुत्रनेच घातलेला होता: रेकॉर्डिंगला बसेपर्यंत आपलं मत दुसऱ्याला सांगायचं नाही. मालिका आपापल्या घरी बघायच्या, वहीत काय खरडायचं ते खरडायचं, फोनवर इकडच्या तिकडच्या गप्पा हव्या तेवढ्या मारायच्या, पण मालिकेबद्दल अवाक्षर काढायचं नाही. निवेदिताला हा नियम सुरुवातीला पोरकट वाटला होता. चार वर्षांत तो तिच्या अंगवळणी पडला. त्यापायी आपण पुढे एवढ्या गोत्यात येऊ, हे तिला कुठून माहीत असणार?

तागडी म्हणजे या दोघांचं चॅनल. जपानी ॲनिमेच्या दोन नावाजलेल्या मालिका घ्यायच्या, दोन पारड्यांत टाकायच्या, आणि गोष्ट निवेदिताने तोलायची, संगीत शिवपुत्रने. मालिकाही अशाच निवडायच्या की ज्यांना कुठल्याच एका खणात कोंबता येत नाही. भुताची म्हणावी तर मधेच खटला सुरू होतो, प्रेमाची म्हणावी तर अवकाशयान येतं. बाकी सोलापूरच्या लेखी हे सगळं कार्टून. निवेदिता एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क होती, वय एकतीस, आणि तिथले हेडक्लार्क दर सोमवारी न चुकता विचारायचे की मॅडम, काल कुठलं कार्टून पाहिलंत. ती हसून फाइल पुढे सरकवायची.

शिवपुत्र वळसंगचा. घरात मराठी आणि कानडी दोन्ही, थोडी शेती, वडील गेलेले, आई काशम्मा. नोकरी चिंचोळी एमआयडीसीत, एका फोर्जिंगच्या कारखान्यात घणावर. भट्टीतून लालभडक लोखंडाचा तुकडा यायचा आणि वरून दोन टनांचा यांत्रिक घण त्याच्यावर पडायचा, दिवसभर. अशा माणसाचा कान इतका हळवा कसा, याचं निवेदिताला कायम नवल वाटायचं. लहानपणी तो गावच्या मठात पेटीवाल्याच्या मागे बसून भजनं ऐकायचा, तिथे म्हणे त्याला सूर लागले. पहिल्या भागातलं अंगाईचं गाणं नवव्या भागात कुणाच्या तरी लग्नात उलटं वाजतंय, हे तो एका ऐकण्यात सांगायचा. निवेदिताला गोष्टी कळायच्या, पण तसं ऐकता कधी आलं नाही. तिचा त्या कानावर जीव होता, आणि ज्याचा तो कान होता त्याच्यावरही. दुसरी गोष्ट तिने अजून कुणाला सांगितली नव्हती.

या कानाबद्दलचा एक किस्सा शिवपुत्रने मागच्या वर्षी निवेदिताच्या घरी चहा पिता पिता सांगितला होता. कारखान्यात दरवर्षी कान तपासायला गाडी यायची. काचेच्या खोक्यात बसवून कानाला यंत्र लावायचे. आवाज आला की बोट वर करायचं. ज्याला ऐकू कमी येतं त्याची घणावरून पॅकिंगला बदली, आणि पॅकिंगला गेलेला माणूस म्हणजे कामातून गेलेला, अशी सगळ्यांची समजूत. मग सव्वीस वर्षं घणावर काढलेल्या वीरभद्रप्पाने सगळ्यांना एक युक्ती शिकवली होती. बाहेर बसलेली बाई बटण दाबते तेव्हा तिचं कोपर हलतं. कोपर हललं की बोट वर. “एवढंच हाय की,” शिवपुत्र म्हणाला होता. “बहिरा माणूसबी पास होतंय.” निवेदिताचे वडील एकनाथराव, मास्तरकीतून निवृत्त झालेले आणि स्वतः कानाला यंत्र लावणारे, ठसका लागेपर्यंत हसले. निवेदिताही हसली. त्या हसण्याची तिला पुढे लाज वाटली.

कारखाना कानात घालायला स्पंजाचे बोळे द्यायचा, ते सगळ्यांच्या खिशात पडून असायचे. तुकडा नीट तापला असेल तर घण पडल्यावर एक आवाज येतो, गार असेल तर दुसरा, आणि गार तुकडा उडाला तर सरळ छातीत बसतो. कान बंद केलास तर जीव जाईल, असं वीरभद्रप्पाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शिवपुत्रला आपल्या कानाचा अभिमान. त्याने नऊ वर्षांत एकदाही बोळे घातले नाहीत.

त्या रविवारी तागडीत ‘लोखंडी सर्कस’ आणि ‘मिठागरातला दवाखाना’ होत्या. निवेदिताच्या घरची मागची खोली म्हणजे त्यांचा स्टुडिओ. आवाज घुमू नये म्हणून तीन भिंतींना चादरी टांगलेल्या, पंखा बंद, दोघेही घामाघूम. सर्कस आधी घेतली. लढाई संपल्यावर गावोगाव हिंडणारी एक सर्कस, तिच्यात लपलेले हेर, अर्धी गोष्ट चोर-पोलिसांची, अर्धी लढाईची, आणि मधेमधे पोट धरून हसवणारी. तिच्या संगीतात सगळा पितळी बँड. कुणी मेलं की वरातीसारखं वाजवणारा. शिवपुत्रने त्या बँडचं तोंड भरून कौतुक केलं, मग म्हणाला की चोवीस भागांत संगीतकार आपल्याला एकदाही एकटं सोडत नाही, सारखा खांद्यावर हात ठेवून सांगतो, आता हस, आता रड.

मग मिठागर. समुद्रातलं एक बेट, नुसतं मिठाचं, तिथे एक डॉक्टरीण आणि तिच्या हाताखाली जुनी यंत्रमाणसं. गोष्ट अर्धी विज्ञानाची, अर्धी दवाखान्याची, अर्धी भुताटकीची. तीन अर्धी मिळून दीड होतात, हे निवेदिताने कॅमेऱ्यासमोर सांगून टाकलं. दवाखान्याच्या वळचणीला काचेची एक घंटी टांगलेली असते, बोटभर लांबीची. दार उघडून कुणी आलं किंवा बरं होऊन घरी निघालं की दाराच्या वाऱ्याने ती वाजते. दर भागात पडद्यावर ती घंटी जवळून दाखवतात, हलताना. शेवटच्या भागात समुद्र चढतो, बेट रिकामं होतं, डॉक्टरीण दार लावून निघून जाते. पुढची अडीच मिनिटं पडद्यावर कुणीच नाही. पांढरं मीठ आणि हळूहळू वर येणारं पाणी. वाद्य नाही, शब्द नाही. आणि मग, न दाखवलेल्या त्या दारात, घंटी वाजते. सात वेळा. कुणीतरी परत आलेलं असतं. कोण, ते सांगत नाहीत. निवेदिता आपल्या खोलीत एकटी बसून हे बघताना हमसून रडली होती, आणि शिवपुत्र या सात घंट्यांबद्दल काय बोलेल, याची तिला आठवडाभर घाई झाली होती.

“हितं ह्यो संगीतकार हात जोडून बाजूला सरकलाय,” शिवपुत्र बोलू लागला. “बारा भाग घंटी वाजली. आनि ज्या दिवशी ती वाजावी म्हणून आपण जीव मुठीत धरून बसलोय, त्या दिवशी वाजली न्हाय. अडीच मिन्टं काहीच न्हाय. मी बघत बसलो, आता वाजंल, आता वाजंल. कुणीबी आलं न्हाय परत. सर्कसवाला रडवायला सगळा बँड उभा करतो. ह्यो माणूस नुसता गप बसतो. गप बसायला लई मोठी छाती लागतीय.”

निवेदिता त्याच्याकडे बघत राहिली. रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्याचं बोलणं तोडायचं नाही, हेही त्या एका नियमातच धरलेलं. तिला वाटलं, हा काहीतरी खेळ करतोय, आत्ता वळण घेईल, आत्ता घंटीवर येईल. तो आला नाही. त्याचे डोळे पाणावले होते. चार वर्षांत तो इतकं सुंदर बोलला नव्हता, आणि ती ते मोडू शकली नाही. मिठागराचं पारडं जड, असं दोघांनी मिळून जाहीर केलं आणि कॅमेरा बंद झाला. पंखा लावल्यावर त्याने विचारलं की कसं झालं, आणि ती म्हणाली, छान झालं.

तो गेल्यावर तिने शेवटचा भाग पुन्हा लावला. घंटी वाजत होती. बारीक, उंच, काचेवर नखाची टिचकी मारावी तशी, पण स्पष्ट. सात वेळा. मग एकेक गोष्ट तिच्या ध्यानात येऊ लागली. सहा महिने झाले, शिवपुत्र व्हिडिओच्या आवाजाची जुळवाजुळव करून पाठवायचा तो आवाज कानाला टोचायचा, आणि ती चॅनलवर चढवण्याआधी त्यातला टोचरेपणा गुपचूप कमी करायची. त्याचे हेडफोन जुने झालेत असं समजून दिवाळीत तिने त्याला नवे घेऊन दिले होते. तरी आवाज तसाच येत राहिला; बारीक सूर त्याला कमी ऐकू येत होते, म्हणून तो ते चढवत होता. आधीच्या बारा भागांतली घंटी त्याने ऐकली नव्हती. पाहिली होती. पडद्यावर हलणारी घंटी डोळ्यांनी बघायची आणि बाकीचं मन भरून काढायचं. शेवटच्या भागात ती दाखवलीच नाही, म्हणून त्याच्यासाठी वाजलीही नाही.

तेव्हाच त्याला फोन लावायला हवा होता. तिने तो व्हिडिओ चढवला.

आणि तो चालला. आजवर त्यांना शे-दोनशे माणसं बघायची, हा आठवड्यात हजारांवर गेला. शांततेवरचा तो तुकडा लोक कापून एकमेकांना पाठवू लागले. निवेदिता ऑफिसात डबा खाता खाता खालच्या प्रतिक्रिया वाचत होती, तेव्हा पहिली आली. लिहिणारीने अगदी आदराने लिहिलं होतं की दादा, शेवटी घंटी वाजते ना, मला ऐकू आली. निवेदिताने इकडेतिकडे बघितलं आणि ती पुसून टाकली. दुसरी इतकी सभ्य नव्हती; कानात बोळे घालून बसला होतास का, असं विचारलं होतं. तीही पुसली. मग हे रोजचंच झालं. सकाळी उठल्यावर, बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. आपण त्याला सांभाळतोय असं ती स्वतःला बजावत होती. खरं म्हणजे ती स्वतःलाही सांभाळत होती. सांगायची वेळ एकदा टळली की प्रत्येक दिवसाने ती आणखी अवघड होत गेली. शिवपुत्र मात्र भोळा. एकदा म्हणाला, सगळे गोडच बोलायलेत, नावं ठेवणारा एकबी न्हाय, कसं काय? ती म्हणाली, चांगलं झालंय म्हणून.

मग पुण्याहून फोन आला. परदेशी मालिकांना मराठी आवाज देणारा एक स्टुडिओ, आणि त्यांना आवाज जुळवायला माणूस हवा होता. तिथल्या बाईंनी तो व्हिडिओ पाहिला होता. ज्याला शांतता ऐकू येते असा माणूस आम्हाला पाहिजे, असं त्या म्हणाल्या. येत्या सोमवारी एक दिवस येऊन आमच्याबरोबर काम करून दाखवा, ते फक्त रीत म्हणून, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून सुरू करा. कारखान्याला महिनाभर आधी सांगावं लागतं. शिवपुत्रने राजीनामा टाइप करूनही घेतला. शनिवारी पहिल्या पाळीला साहेबांच्या टेबलावर ठेवायचा, असं ठरलं.

मंगळवारी संध्याकाळी तो पेढे घेऊन निवेदिताच्या घरी आला. पाया पडला, एकनाथरावांनी कौतुकाने डोक्यावर हात ठेवला. कान खाजू लागला म्हणून त्यांनी यंत्र काढून टेबलावर ठेवलं, आणि ते ओरडू लागलं. कानाबाहेर चालू राहिलं की ते तसंच करतं, सुईसारखी बारीक शिट्टी, थांबतच नाही. एकनाथरावांना ती ऐकू येणं शक्यच नव्हतं. आतून निवेदिताची आई अनसूयाबाई ओरडल्या की ते बंद करा आधी, डोकं उठलं. यंत्रापासून वीतभर अंतरावर बसलेला शिवपुत्र पुण्यातल्या खोल्यांची भाडी सांगत होता. त्याच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती. निवेदिताने पुढे होऊन यंत्र बंद केलं. काय झालं, त्याने विचारलं. काही नाही, ती म्हणाली, आणि हातातला पेढा तिने परत खोक्यात ठेवला.

आता मात्र तिची झोप उडाली. शनिवारी राजीनामा गेला आणि सोमवारी पुण्याच्या खोलीत चार माणसांसमोर त्याला काही ऐकू आलं नाही, तर ना पुणं राहणार ना चिंचोळी. आणि सांगितलं तर? ज्या एका गोष्टीवर तो मान वर करून चालायचा, तीच आपल्या हाताने काढून घ्यायची. शिवाय घणावर राहिला तर उरलासुरला कानही जाणार. कुठल्याच बाजूने वाट धड नव्हती. तरी शनिवारच्या आधी सांगायला हवं, एवढं तिला कळत होतं. गुरुवारी त्याची सुट्टी असायची. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि वळसंगची एसटी पकडली.

काशम्मा दारातच जोंधळे पाखडत बसली होती. “बा, कुंद्रु,” म्हणून तिने सतरंजी सारली, ताक आणून दिलं, आणि लेकाला बोलवायला जाग्यावरून हाक न मारता उठून आतल्या खोलीच्या दिव्याचं बटण दोनदा खालीवर केलं. निवेदिताने विचारलं, हे काय? काशम्मा म्हणाली, “हाका मारून घसा सुकतोय गं. आईचं आता कुटं ऐकतात ही पोरं? दिवा केला की येतंय बघ.” तिला तो लेकाचा बेपर्वा स्वभाव वाटत होता, आणि ती तो हसण्यावारी नेत होती.

शिवपुत्र बाहेर आला, तिला बघून फुलला. काशम्मा सूप उचलून मागच्या अंगाला गेली. निवेदिताने ताक खाली ठेवलं आणि आणखी धीर गोळा करत बसण्यापेक्षा सगळं एकदम सांगून टाकलं. घंटी वाजते, सात वेळा. तुला ऐकू आली नाही. माझ्या वडिलांचं यंत्र तुझ्या शेजारी ओरडत होतं, तेही नाही. तुझा वरच्या पट्टीचा कान गेलाय, शिवपुत्र, बारीक आवाजांचा. डॉक्टरला दाखवू या, आणि तोवर राजीनामा देऊ नकोस.

तो आधी हसला. मग उठून प्लॅस्टिकची एक फाइल घेऊन आला. वर राजीनामा, खाली तीन वर्षांचे कागद, कारखान्याच्या तपासणीचे. प्रत्येकावर शिक्का, प्रत्येकावर ‘नॉर्मल’.

“ह्ये बघ,” तो म्हणाला. “डॉक्टरची सही हाय.”

कोपर, असं तिला म्हणावंसं वाटलं. तिने नुसतं त्याच्याकडे बघितलं. तो नजर न हटवता म्हणाला की ती सगळी मजा होती, आपण वीरभद्रप्पासारखा ठार बहिरा थोडाच आहे, आपल्याला ऐकू यायचंच, कोपर नुसतं जोडीला. आणि घंटी वाजत असती तर एवढ्या हजारो माणसांतल्या एकाने तरी लिहिलं नसतं?

“लिहिलं होतं,” निवेदिता म्हणाली. “मी पुसलं.”

हे त्याला कानाच्या बातमीपेक्षा जास्त लागलं. तो फाइलच्या कडेवर बोट फिरवत बसला. “म्हंजे सगळ्यांना ठावं होतं,” तो शेवटी म्हणाला. “मी एकटाच शांतता सांगत बसलो. आनि तू समोर बसून ऐकलीस.” तिने माफी मागितली. चुकलं माझं, तू इतकं सुंदर बोलत होतास की माझं धाडस झालं नाही. तो म्हणाला, “लाव. आत्ता लाव तुझी घंटी. बघू.”

तिने फोनवर शेवटचा भाग काढला. समोरासमोर बसले, दोघांत हातभर अंतर. तो म्हणाला, कारखान्यात करतात तसंच करू, तू लाव, ऐकू आली की बोट वर करतो. तिने अंगठ्याने बटण दाबलं. त्याचं बोट वर गेलं. तिने थांबवलं, पुन्हा लावलं. पुन्हा वर. तिसऱ्यांदाही. बाहेर कुठे आवाज नव्हता, घंटी त्या दुपारी स्वच्छ वाजत होती, आणि त्याचं बोट प्रत्येक वेळी वर जात होतं. निवेदिताला वाटलं, आपलंच चुकलं. त्या दिवशी त्याच्या घरी आवाज लहान असेल, लक्ष नसेल. आनंदाने तिला रडू फुटायचं बाकी होतं. असं चुकायला तिला फार आवडलं असतं.

चौथ्यांदा लावताना तिला दिसलं, तो तिच्या तोंडाकडे बघत नव्हता. त्याची नजर तिच्या अंगठ्यावर होती. आणि आणखी एक गोष्ट. बटण दाबल्यावर आधी वारा वाहतो, चांगले दोन श्वास, मग पहिली घंटी. त्याचं बोट वाऱ्यातच वर गेलं होतं.

तिने फोनचा आवाज पार शून्यावर नेला आणि बटण दाबलं.

बोट वर गेलं.

“वाजली की,” तो म्हणाला. त्याच्या तोंडावर लबाडी नव्हती. नऊ वर्षांत त्याचं बोट त्याच्याही नकळत शिकलं होतं, आणि त्याला मनापासून वाटत होतं की आपण ऐकलं. निवेदिताने फोन त्याच्यापुढे फिरवला. आवाजाची पट्टी तळाला गेलेली, तिच्यावर काट मारलेली. तो ती पट्टी बघत राहिला. मग त्याने वर गेलेलं बोट दुसऱ्या हाताने खाली घेतलं, आणि तो हात तसाच धरून ठेवला.

निवेदिता म्हणाली, बस झालं, आपण उद्या डॉक्टरकडे जाऊ, मी येते बरोबर. त्याने नाही म्हणून मान हलवली.

“पाठ कर माझ्याकडं,” तो म्हणाला. “तिकडं तोंड कर. हात दिसू देऊ नको. आवाज सगळा चढव.”

ती उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. समोर देवळीत वडिलांचा फोटो होता, खाली विभूतीची वडी. तिने आवाज शेवटपर्यंत चढवला, फोन छातीशी धरला आणि लावला. वाऱ्याची बारीक सळसळ आली. मग पहिली घंटी वाजली, इतकी मोठ्याने की तिला दचकायला झालं. दुसरी. तिसरी. आता म्हण, तिने मनात म्हटलं, काहीतरी म्हण. चौथी.

“लाव की,” शिवपुत्र मागून म्हणाला. “कशाची वाट बघायलीस?”

पाचवी वाजली. आपलं तोंड त्याला दिसत नाही याचं तिला बरं वाटलं. सहावी वाजली, तेव्हा मागच्या दाराच्या उंबऱ्यावरूनच काशम्माचा जाडाभरडा आवाज आला.

“शिवू, दारात कोण आलंय बघ रे. घंटी वाजायलीय.”

तो आवाज त्याला पोचला. निवेदिताला त्याचा श्वास अडकलेला ऐकू आला. सातवी घंटी वाजून विरून गेली, फोनमध्ये नुसतं पाणी राहिलं. मग फाइल सतरंजीवर ठेवल्याचा आवाज झाला.

“बघतो, अव्वा,” तो म्हणाला.

तो उठला, दारापर्यंत गेला, आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत तिथेच उभा राहिला. आत यायला त्याला बराच वेळ लागला. निवेदिता भिंतीकडे तोंड करून उभीच होती, कारण त्याने तिला अजून वळ म्हटलं नव्हतं.